पेटी कुठून आली, गुरुजी?

आमच्या भागातल्या एका शाळेच्या गॅदरिंगला नववीच्या मुलींनी ‘गोल्डन’ या गाण्यावर नाच केला, टाळ्या घेतल्या आणि घरी गेल्या. विषय तिथंच मिटायचा. पण समारोपाला उभे राहिलेले आमचे गुरुजी (नाव घालत नाही, लोणी भापकरात नुसतं गुरुजी म्हटलं तरी चालतं) बक्षिसांचं बोलता बोलता त्या नाचावर घसरले. हे गाणं आपलं नाही. त्यातलं अक्षर कळत नाही. कोरियातल्या कंपन्या अशी गाणी कारखान्यात पाडतात. आणि कहर म्हणजे ज्या तीन बाया हे गातात त्या जगात नाहीतच, कार्टून आहेत. असल्या थेरांनी लेकी बिघडतात, तेव्हा पुढच्या वर्षीपासून स्टेजवर फक्त मराठी गाणी. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते गाणं ऐकलेलंच नव्हतं. साउंडवाल्यानं बास एवढा सोडला होता की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या हलत होत्या, चाल कुणाच्या कानात शिरलीच नाही.

गुरुजींकडं मी पेटी शिकले. देवळात भजनाच्या साथीला मुलगी बसवायची का, यावर तेव्हा कुरबूर झाली होती, आणि गुरुजी माझ्या बाजूनं उभे राहिले होते. त्यामुळं त्यांच्याशी भांडायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.

आधी गाणं बघू. ‘केपॉप डीमन हंटर्स’ हा अॅनिमेशनपट 20 जून 2025 रोजी नेटफ्लिक्सवर आला. मॅगी कांग आणि ख्रिस अॅपलहान्स हे त्याचे दिग्दर्शक. त्यात हंट्रिक्स नावाचा तीन मुलींचा गट आहे: रूमी, मीरा आणि झोई. (मीरा हे नाव ऐकल्यावर आमच्या आईचा निम्मा विरोध मावळला.) जगासाठी त्या गायिका, आणि लोकांची नजर चुकवून भुतंखेतं मारणाऱ्या. ‘गोल्डन’ हे त्यांचं गाणं. ऑगस्ट 2025 मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिलं आलं. मुलींच्या गटाचं गाणं तिथं पहिलं यायला 2001 च्या डेस्टिनीज चाइल्डनंतर इतकी वर्षं जावी लागली. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. पहिल्या नंबरावर बसलेली भिकार गाणी आपल्याकडंही पोत्यानं आहेत.

मी ते पहिल्यांदा ऐकलं ते त्या नाचातल्याच माझ्या भाचीच्या तालमीत. गच्चीवर मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा केलेला, म्हणजे आवाज मोठा येतो. वहीच्या मागच्या पानावर कोरियन ओळी देवनागरीत उतरवलेल्या, खाली श्वास कुठं घ्यायचा त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. गाणं खालच्या सुरात सुरू होतं. एकटी मुलगी जवळजवळ बोलतेच, ताल मागं दबून असतो. मग दुसरी येते, तिसरी येते, चाल पायरी पायरीनं वर सरकते, आणि ध्रुपदाच्या तोंडाशी ठेका मोकळा सुटतो आणि आवाज एकदम वर जातो. सगळ्यात उंच सूर आहे तो वरच्या सप्तकातली पांढरी सहा. गुरुजी, पेटीवर ती दाबायला काहीच लागत नाही. गळ्यातून काढून बघा.

तो सूर नुसता ताकद दाखवायला ठेवलेला नाही. सिनेमात रूमी अर्धी राक्षसाच्या वंशाची आहे, अंगावरच्या खुणा ती जिवाभावाच्या मैत्रिणींपासूनही झाकून ठेवते. गाण्याचा आशय असा की आता मी लपणार नाही, आणि ते गाणारी त्या क्षणीही लपवतेच आहे. मग तालमीत वर चढताना तिचा गळा दगा देतो. म्हणजे चाल जिथं सगळ्यात कठीण आहे तिथंच गोष्टीतलं खोटं उघडं पडतं. नाट्यपद प्रसंगातून उगवलं पाहिजे, वरून चिकटवलेलं नको, हे आम्हाला कोणी शिकवलं होतं? चौदा वर्षांच्या पोरींना हे गाणं का भिडतं याचं मला कोडं पडत नाही. त्या वयात झाकायला पुष्कळ असतं. मार्क, पाळी, कुणाचा तरी मेसेज, आणि कधी कधी आपला आवाज मोठा आहे हेसुद्धा.

आता ‘त्या बाया जगात नाहीत’ याबद्दल. 1949 साली ‘महल’ आला. पडद्यावर मधुबाला होती, गळा लताबाईंचा होता, आणि त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र. जगात नसलेल्या बाईच्या नावानं ती तबकडी विकली गेली आणि गाणारीचं नाव लोकांना विचारून विचारून शोधावं लागलं. हंट्रिक्सच्या गाण्यावर निदान ईजे, ऑड्री नुना आणि रे आमी ही गाणाऱ्यांची नावं पहिल्या दिवसापासून पात्रांच्या गटाशेजारी छापलेली आहेत. आणि ज्या बालगंधर्वांच्या नुसत्या नावानं गुरुजींचा हात कानाच्या पाळीला जातो, ते शकुंतला होते का, भामिनी होते का? प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. सोंगातून खरं गाणं ऐकायची सवय महाराष्ट्राला कोरियानं लावलेली नाही.

अक्षर कळत नाही, हा आक्षेप मी फार वेळ धरून बसत नाही. ‘गोल्डन’मधल्या बहुतेक ओळी इंग्रजी आहेत, कोरियन थोड्या, आणि नववीच्या मुलींना इंग्रजी कळत नसेल तर तो गाण्याचा दोष नव्हे, शाळेनं त्याचं उत्तर द्यावं. शिवाय 2012 साली साय नावाच्या कोरियन गायकाचं ‘गंगनम स्टाईल’ आलं, तेव्हा त्या घोडेस्वारीच्या नाचावर वरातींतून कोण उडत होतं? आज मंडपात टाळ्या वाजवणारेच. त्यातलं त्यांना काय कळलं होतं?

कारखान्याचा मुद्दा मात्र खरा आहे. गुरुजींनी तो अर्धाच मांडला, म्हणून मी पुरा मांडते. कोरियातल्या कंपन्या दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींना उमेदवार म्हणून घेतात. गाणं, नाच, बोलणं, वजन, सगळ्यावर नजर. राहणं, खाणं, शिकवणी यांचा खर्च कंपनी करते आणि अनेक ठिकाणी तो पुढच्या कमाईतून वळता करून घेते, त्यामुळं गट गाजला तरी मुलींच्या हातात पैसा उशिरा पडतो. 2009 मध्ये टीव्हीएक्सक्यू या गटातले तिघं 13 वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. 2019 मध्ये सुली आणि गू हारा या दोन तरुण गायिका दीड महिन्याच्या आत गेल्या, आणि तिथल्या लोकांना या धंद्याकडं नीट बघावं लागलं. न्यूजीन्सच्या मुलींनी 2024 च्या अखेरीस कंपनी सोडल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टानं करार कंपनीच्या बाजूनं धरला. हे सगळं चिडावं असंच आहे.

पण बारामती तालुक्यात बसून हे ऐकताना दचकायला काय झालं? आपल्याकडं याला उचल म्हणतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला कोयते येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायको दोघांच्या अंगावर असते, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. तमाशातही हाच शब्द. सीझन सुरू व्हायच्या आधी फडमालकाकडून उचल घ्यायची आणि मग अंगात ताप असला तरी बोर्डावर उभं राहायचं. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली. प्रयोग चालू असताना तंबूत बाळंत होऊन त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. कौतुकानं! कोरियन मुलगी उपाशी राहून नाचली तर तो कारखाना, आणि आपली बाई ओली बाळंतीण नाचली तर ती कलेची निष्ठा, हा हिशेब मला जमत नाही.

उचल वाईट म्हणून लावणी वाईट, असं गुरुजी कधी म्हणालेले नाहीत, आणि बरोबरच केलं. उचलीबद्दल बोलायचं तर करार, मजुरी, वय, तासांबद्दल बोला. ते कोरियात बोललं गेलं, कोर्टात गेलं, नियम थोडे तरी बदलले. आपल्या तमाशाच्या फडात आणि उसाच्या फडात किती बदललं ते गुरुजींनी एखाद्या समारोपात सांगावं, मी पहिल्या रांगेत बसेन. त्याऐवजी कारखान्याचा राग काढला कुणावर? गच्चीवर पातेल्याभोवती नाचणाऱ्या पोरींवर.

आणि ‘गोल्डन’च्या बाबतीत तर ही तक्रार उलटी बसते. रूमीचा गळा जिचा, ती ईजे अकराव्या वर्षी एसएम एंटरटेनमेंट या बड्या कंपनीत उमेदवार म्हणून गेली. दहा वर्षांहून जास्त काळ तिथं घासली, आणि तिला कधी कुठल्या गटात घेतलंच नाही. मग ती गाणी लिहायला लागली. रेड व्हेल्व्हेट या गटाचं 2019 चं ‘सायको’ लिहिणाऱ्यांत ती होती. ‘गोल्डन’च्या लेखनातही ती आहे. ज्या गाण्याला कारखान्यातला माल म्हणून मोडीत काढलं, ते त्याच कारखान्यानं नापास केलेल्या बाईनं लिहिलेलं आणि गायलेलं आहे. एवढं तरी भाषणाआधी कुणाला विचारायचं. भाचीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

राहिली संस्कृती. आपलं गाव त्या बाबतीत गरीब नाही. मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, समोर पुष्करणी आहे, यज्ञवराह आहे, आणि ते बघायला लांबून लोक येतात. (गावातली पोरं तिथं शाळेच्या सहलीपुरती जातात, पण तो वेगळा लेख होईल.) मोरगावच्या पुढं जेजुरी. लग्न झालं की आपल्याकडं जागरण घातलं जातं. रात्रभर वाघ्या-मुरळी गातात, मुरळी हातात घाटी घेऊन नाचते, दिमडी वाजते, पहाटेपर्यंत देवाला आणि घराला जागं ठेवायचं. आता हा सिनेमा सुरू कसा होतो ते बघा. जुन्या काळात तीन बायका गाऊन-नाचून वाईट शक्तींना अडवतात, पिढ्यान्‌पिढ्या ते काम तीन-तीन बायकांकडं येत राहतं, आणि आजची हंट्रिक्स त्याच वंशातली. यामागं कोरियातल्या मुदांग आहेत. रंगीत वेष घालून, ढोलक्याच्या तालावर गात-नाचत विधी करणाऱ्या, अंगात येणाऱ्या बायका. भाचीची आजी हे बघताना म्हणाली, “ही तर मुरळीच की.” तिला सिनेमाचं इंग्रजी कळत नव्हतं, सबटायटल वाचता येत नव्हती. मातीशी संबंध नाही असं म्हणणाऱ्यांपेक्षा तिला जास्त कळलं. माती कोरियाची आहे, एवढाच फरक.

आणि परंपरा म्हणजे सगळं पवित्र, असंही नको. पोरी देवाला सोडायची रूढी कायद्यानं मोडावी लागली. 1934 चा मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा आणि नंतरचे कायदे त्यासाठीच झाले. आपण मुरळीचं गाणं ठेवलं आणि मुलगी वाहणं सोडलं. कोरियन गाण्याच्या बाबतीत एवढी निवड करायची अक्कल नववीच्या मुलींना नसेल, असं समजायचं कारण नाही.

‘बाहेरचं’ या शब्दावर तर गुरुजींनी जपून बोलायला हवं होतं. पेटी कुठली? फ्रान्समध्ये 1840 च्या दशकात तिचं पेटंट निघालं, मिशनरी आणि साहेबांबरोबर ती इकडं आली, कलकत्त्याला तिचे पाय काढून हातानं भाता मारायची सोय झाली, तेव्हा कुठं ती आपल्या मांडीपुढं आली. ती परकी आहे, तिला मींड येत नाही, ती आपला सूर बिघडवते, असं म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला बाहेर काढलं. पुन्हा आत यायला 1971 उजाडलं. त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी रेडिओचं ऐकून पेट्या विहिरीत टाकल्या असत्या, तर गुरुजींनी आम्हाला काय शिकवलं असतं? दुसरं, 1952 नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, आपलाच मराठी माणूस, यांच्या धोरणानं आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात केली नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, बिनाका गीतमाला घराघरात गेली, आणि 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. स्टेजवर बंदी घातली की पोरी मराठी गाणी बसवतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा काटा लक्षात ठेवावा. आताचा काटा तर प्रत्येकीच्या दप्तरात आहे.

आता मंडपात कुणी न बोललेली गोष्ट. याच भागात यात्रेला, वरातीला डीजे लागतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवायला बंदी करणारे नियम सन 2000 पासून आहेत, आणि बारा वाजले तरी खिडक्यांच्या काचा वाजत असतात. शर्ट काढून कमरेला बांधलेली पोरं ज्या गाण्यांवर नाचतात त्यांतलं मराठी ऐकून बायका दारं लावून घेतात. त्यांच्या संस्कृतीवर कुठल्या समारोपात भाषण झालं? गॅदरिंगमध्येही मुलांच्या गटानं एका दाक्षिणात्य सिनेमातल्या गुंडाची नक्कल करत नाच केला. हातात प्लास्टिकचा कोयता होता. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि ते गुरुजींच्याच हस्ते दिलं गेलं. तेव्हा भाषा आड आली नाही, परकेपणा आड आला नाही, हिंसासुद्धा आड आली नाही. मुलींनी मात्र अंगभर कपडे घालून, कुणाला खूश करायचं म्हणून नव्हे तर आपल्याला आवडलं म्हणून गाणं निवडलं, महिनाभर तालीम केली, आणि तेवढ्यानं गाव बुडायला निघालं. वाद कोरियाचा नाहीच. पोरींनी कुणाला न विचारता गाणं निवडलं, हे खुपलं. भजनाला पेटीवर मुलगी बसली तेव्हा ज्यांना खुपलं होतं त्यांचं बोलणं जवळजवळ हेच होतं, फक्त त्या वेळी गुरुजी पलीकडच्या बाजूला होते.

गाण्यात खोट नाही असं मी म्हणत नाही. आवाज यंत्रावर इतका घासूनपुसून घेतलाय की श्वास कुठं लागला ते कानाला कळत नाही, आणि गाण्यात श्वास ऐकू यायला हवा असं मला वाटतं. मीरा आणि झोईच्या वाट्याला फार थोडं आलंय. तीन गळे असून गाणं एकटीचंच होतं, बाकीच्या दोघी सोबतीला उभ्या. ध्रुपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा नवं काही देत नाही, फक्त मोठ्यानं देतं. अॅनिमेशनच्या बाजारासाठी ते इंग्रजीकडं झुकलं आहे हेही उघड आहे. आणखी दोन-चार कोरियन ओळी असत्या तर मला आवडलं असतं, वहीच्या मागच्या पानाला काम मिळालं असतं.

आमच्या पोरींबद्दलही तक्रार आहे, आणि ती गुरुजींच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे. त्या गायल्या नाहीत. मागं ट्रॅक वाजत होता, त्या ओठ हलवून नाचत होत्या. भाचीला विचारलं तर म्हणाली, “आत्या, वरचं लागत नाही गं, लोक हसतील.” तिचा आवाज मूळचा खालचा, जाड आहे. काळी एकमध्ये बसवलं, चाल थोडी उतरवून घेतली, तर तिच्या गळ्यात ते गाणं अजून चांगलं वाटेल असं मला वाटतं, पण मला शिकवायला जमत नाही, मी साथीपुरती. गावात हे जमणारा माणूस एकच आहे. पुढच्या वर्षी मराठी गाणी ठेवा की कोरियन, ते मुख्याध्यापक बघतील. पण गुरुजी, दिवाळीच्या सुट्टीत पेटी घेऊन त्या पोरींना पट्टी धरून द्याल का? रविवारी सकाळी त्या मोकळ्या असतात.